रिबकामायचं जातं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या सासूला विचारलं तर ती म्हणायची माझ्या सासूला ठाऊक, आणि तिची सासू तर मी पाहिलीसुद्धा नाही. तेव्हा फार वर्षांपूर्वी म्हटलं की गप ऐकायचं.

तर हे आपलं खैरदरा गाव. गावाबाहेर नाला आहे ना, पावसाळ्यात चार दिवस वाहतो आणि मग वर्षभर वाळूच वाळू, त्या नाल्याच्या दोन अंगांना दोन आळ्या होत्या. एक वरली, एक खालची. दोन्ही आळ्यांत गोरगरीबच राहायचे. गाव दोघींनाही शिवत नव्हतं, विहिरीवर दोघींनाही चढू देत नव्हतं. पण त्या दोन आळ्या एकमेकींनाही शिवत नव्हत्या. वेगवेगळ्या जातीच्या होत्या. कुठल्या जातीच्या ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही लगेच मनात बाजू धराल, तुम्हाला मी चांगली ओळखते.

पुढं दोन्ही आळ्या ख्रिस्ती झाल्या. एकाच दिवशी, एकाच डोहात, एकाच पाळकानं बाप्तिस्मा दिला. अंद्रियाबुवा त्याचं नाव, मनाचा मऊ माणूस. पण त्या दिवशीसुद्धा वरली आळी आधी पाण्यात उतरली, का, तर खालच्यांच्या अंगावरचं पाणी आपल्या अंगाला लागू नये. आता बोला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर पाण्यात बुडवूनही गेला नाही.

देऊळ एकच बांधलं. मातीचं, कौलारू, बसायला दोन अंगं. उजवीकडं वरली आळी, डावीकडं खालची. आणि तीन महिन्यांनी एकदा अंद्रियाबुवा तट्टावर बसून यायचा, प्रभुभोजन द्यायला.

प्रभुभोजन म्हणजे काय, हे तुमच्यातल्या लहानांसाठी सांगते. येशू मरायच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला. त्यानं भाकर घेतली, देवाचे उपकार मानले, मोडली आणि म्हणाला, घ्या, हे माझं शरीर आहे. मग प्याला घेतला आणि म्हणाला, सगळ्यांनी प्या, हे माझं रक्त आहे. माझी आठवण म्हणून असं करत जा, असं सांगून गेला. म्हणून गव्हाची भाकर आणि मनुका भिजवून काढलेला रस मेजावर ठेवायचा, पाळकानं प्रार्थना करायची आणि सगळ्यांनी त्यातलं खायचं, प्यायचं. ज्याची आठवण करायची तोच त्या मेजावर आपल्याला वाढत असतो, असा आपला विश्वास. शेवटचं जेवण आहे ते, घरच्या माणसांचं.

आणि या घरच्या माणसांनी काय केलं, तर मेजावर दोन ताटल्या मांडल्या. दोन भाकरी, दोन प्याले. वरल्यांची भाकर वरल्यांच्या चुलीवर, खालच्यांची खालच्यांच्या. अंद्रियाबुवानं पहिल्या वर्षी होकार दिला. त्याला वाटलं, आज नाराज नको करायला, उद्या समजावू. तो उद्या बारा वर्षं उगवला नाही.

आता रिबकामाय. ती काही इथली नव्हती. मोठ्या दुष्काळात मिशनच्या लोकांना रस्त्यावर सापडलेली पोर. आई कोण, बाप कोण, गाव कुठलं, जात कुठली, कशाचा पत्ता नाही. अनाथाश्रमात वाढली, लिहायला शिकली, आणि खैरदऱ्याच्या शाळेवर याकोब मास्तर होता त्याला दिली. मास्तर वरल्या आळीतला. सडपातळ, हळू बोलणारा, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

देवळाच्या त्याच पहिल्या वर्षी ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच प्रभुभोजनाला पंचाईत झाली. वरल्या आळीच्या बायका म्हणाल्या, हिचं मूळ ठाऊक नाही, आमच्या ताटलीला हात लावायचा नाही. खालच्या आळीच्या बायका म्हणाल्या, वरल्या घरात पडलीस ना, मग तिकडंच माग. ताटली उजवीकडून गेली, ताटली डावीकडून गेली, आणि ही मधल्या वाटेवर दाराशी बसून राहिली, हात पुढं केलेला तसाच.

मास्तरानं ते पाहिलं. वरल्यांची ताटली त्याच्यापुढं आली तेव्हा त्यानं ती तशीच पुढं सरकवली. जिथं माझ्या बायकोला नाही तिथं मला नाही, एवढंच बोलला, उठला आणि जाऊन तिच्याशेजारी दाराशी बसला. बारा वर्षं दोघं तिथंच बसत होते. दर रविवारी यायचे, गाणी म्हणायचे, प्रार्थना करायचे. आणि प्रभुभोजनाच्या दिवशी उपाशी घरी जायचे. मला हे सांगताना अजूनही राग येतो, साठ वर्षं सांगतेय तरी.

मग मास्तराला खोकला लागला. साधा नव्हे, छातीतला, रक्त पाडणारा. वैद्य झाले, मिशनचा डॉक्टर झाला. डॉक्टरनं रिबकामायला बाहेर बोलावून सांगितलं की आता दिवस थोडे आहेत. ती आत आली तर मास्तरानं तिचं तोंड बघूनच ओळखलं. तो म्हणाला, "एकच मागणं आहे. तुझ्याबरोबर बसून एका भाकरीचा तुकडा खायचा आहे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

त्या दिवशी सोमवार होता. अंद्रियाबुवा रविवारी येणार होता, आणि पुन्हा यायचा तो तीन महिन्यांनी. तेवढे दिवस मास्तराकडं नव्हते. म्हणजे जे काय करायचं ते सहा दिवसांत. दोन आळ्या, एकेचाळीस घरं, बारा वर्षांची दोन ताटल्यांची सवय, आणि हातात सहा दिवस.

दुसरी कुणी असती तर रडत बसली असती. रिबकामायनं टोपली घेतली.

ती पहिल्यांदा बर्नबा कारभाऱ्याच्या दारात गेली. वरल्या आळीत बर्नबाचा शब्द चालायचा. जुना पैलवान, मांड्या खांबाएवढ्या, मिशा अशा, आणि अहंकार त्याहून मोठा. रिबकामायनं लपवाछपवी केली नाही. सरळ सांगितलं की प्रभूच्या भाकरीसाठी घरटी एक मूठ गहू गोळा करते आहे, वरल्या आळीतून आणि खालच्याही, एकत्र दळणार, एकच भाकर करणार. बर्नबा म्हणाला, आमचा गहू त्यांच्या गव्हात मिसळणार? होणे नाही. ती बरं म्हणाली आणि उंबऱ्याशी बसली.

आता उंबऱ्याशी बाई उपाशी बसली असताना घरात जेवायचं कसं? कारभारीण चूल पेटवीना. सुना एकमेकींकडं बघायला लागल्या. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. बर्नबा दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला. शेवटी म्हणाला, बाई, तू उठणार आहेस की नाही?

"मला घाई नाही, कारभारी," रिबकामाय म्हणाली. "घाई मास्तरांना आहे."

दिवस मावळायच्या आत बर्नबानं मूठभर गहू आणला. पण फडक्यात बांधून आणला, वर घट्ट गाठ मारली आणि बजावलं की आमचा वेगळा दळायचा, वेगळा भाजायचा. ती म्हणाली, गाठ मारायची तर मारा, सोडणारी मीच आहे. मग उठली आणि पुढच्या दाराला गेली.

कारभाऱ्यानं दिलं म्हटल्यावर वरल्या आळीत फार बसावं लागलं नाही. बुधवारी ती नाला ओलांडून खालच्या आळीत उतरली. तिथं दगडाबाईचं राज्य. बाप्तिस्म्यात तिचं नाव सारा ठेवलं होतं, पण तिला सारा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. जिभेला हाड नव्हतं बाईच्या. तिनं पहिला प्रश्न विचारला, वरल्यांनी दिलं का? दिलं म्हटल्यावर ती फणकारली, मग आम्ही काय भिकारी आहोत, आणि दोन मुठी घातल्या. रिबकामायनं एक मूठ परत केली. "एकीची एकच मूठ, दगडाबाई. जास्त दिल्यानं जास्त मिळत नाही." आणि दगडाबाईनंही फडक्याला गाठ मारलीच, हेही सांगायला हवं. बर्नबाच्या गाठीपेक्षा एक जास्त.

खालच्या आळीच्या शेवटाला एक झोपडी होती. तिथल्या बाईकडं गहू काय, बाजरीचा दाणाही नव्हता. पाऊस दोन वर्षं रुसला होता. ती लाजून दार लावायला लागली. रिबकामाय म्हणाली, मूठ तरी आहे ना तुझ्याकडं, तीच दे. त्या बाईनं रिकामी मूठ टोपलीवर धरली आणि उघडली. असं म्हणतात, उघडली तेव्हा तिच्यातून सात दाणे पडले. कुठून आले हे तिलाही कळलं नाही, आणि रिबकामायनं विचारलं नाही. ती पुढं निघून गेली.

शनिवारी सकाळी तिनं स्वतःच्या घरचं जातं उचललं. वरल्या आळीत दळावं तर खालचे येणार नाहीत, खालच्या आळीत दळावं तर वरले येणार नाहीत, म्हणून ती ते नाल्याच्या वाळूत घेऊन गेली. त्याच्या एकेका दगडाला चार गडी लागायचे, असं म्हणतात. ही एकटी दोन खेपांत घेऊन गेली, डोक्यावर चुंबळ ठेवून. मी ते जातं उचलून पाहिलंय, वय होतं तेव्हा. चार नाही, पण दोन गडी नक्की लागतात.

वाळूत पासोडी अंथरली, जातं मांडलं, आणि सगळी फडकी पुढं घेऊन बसली. दोन्ही काठांवर माणसं जमायला लागली. तिनं पहिलं फडकं सोडलं, सुपात ओतलं. दुसरं सोडलं, त्याच सुपात ओतलं. तिसरं, चौथं, वरलं, खालचं, सगळं त्याच सुपात. काठावरचा गलका थांबला.

बर्नबा उतरून आला. लालबुंद झाला होता. म्हणाला, आमचा गहू निवडून काढा. खालच्या काठावरून दगडाबाई ओरडली की आमचाही काढा. रिबकामायनं सूप पुढं सरकवलं आणि म्हणाली, निवडा.

मग काय, दहा-पंधरा जण बसले की निवडायला. बायका गहू निवडतात ते दगड काढायला, हे जात काढायला बसले होते. हा लालसर आमचा, एक म्हणाला. आमचाही लालसरच, दुसरी म्हणाली. हा बारीक तुमचा. बारीक तर आम्हालाही मिळाला होता. बराच वेळ हे चाललं. आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की तो सगळा गहू पाटलाच्या एकाच मळ्यातला होता. दोन्ही आळ्यांनी एकाच खळ्यावर राबून तो मिळवला होता, आणि पाटलाच्या गड्यानं दोन्ही आळ्यांच्या पदरात सारखाच लांबून टाकला होता. सूप कुणी पुढं ढकलेना, कुणी मागं ओढेना.

रिबकामायनं सूप उचललं, घास घातला आणि जातं फिरवायला सुरुवात केली. आणि ओवी म्हणाली. तीच आपण अजून म्हणतो.

पहिली माझी ओवी गं, वरल्या आळीच्या मुठीला,
दुसरी माझी ओवी गं, खालच्या आळीच्या मुठीला,
तिसरी माझी ओवी गं, जात्याच्या या खुंटीला,
कोण वेगळं करील गं, दळून झाल्या पिठाला.

बर्नबाला ते सोसेना. त्यानं वाकून जात्याचा खुंटा धरला, आपल्या पैलवानी पंज्यात. थांब म्हणाला. आणि असं म्हणतात, जातं थांबलं नाही. त्यानं जोर लावला, पाय वाळूत रोवले, मानेच्या शिरा टरारल्या. जातं आपलं फिरतच होतं आणि त्याच्याबरोबर त्याचा हात फिरत होता. सोडायला जावं तर बोटं सुटेनात. शेवटी उभ्यानं जमेना म्हणून तो खाली बसला, रिबकामायच्या समोर, जसं दुसऱ्या बाईनं दळायला बसावं तसा. ती ओढायची, तो लोटायचा. आणि दोघांच्या मधून पांढरं पीठ पडत होतं.

पुरुषानं दळायला बसायचं म्हणजे त्या काळात काय, तुम्हाला कल्पना नाही. लुगडं नेसवल्यासारखं. काठावर कुणाला हसावं की रडावं कळेना. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात, तसं झालं. दगडाबाई मात्र पोट धरून हसली. कारभारी, ओवी म्हणा की, असं म्हणाली, आणि हसता हसता खाली उतरली, जवळ आली, आणि त्याच्या हाताला फोड आलेले दिसले तशी हसायची थांबली. बर्नबाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "सरक जरा. असं नाही धरायचं." आणि तिनं आपला हात खुंट्यावर ठेवला, त्याच्या हाताच्या वर.

पुढं सांगायला नको. एकामागून एक सगळे आले. मूठभर मूठभर गहू तो, पण दळण दुपार टळेपर्यंत संपलं नाही, असं म्हणतात. ज्यांचा हात लागायचा राहिला होता त्यांचा लागेपर्यंत ते पुरलं.

भाकर एवढी मोठी झाली की तव्यावर मावेना. मग गुळाची काहील उलटी टाकून तिच्या पाठीवर भाजली, रिबकामायच्या चुलीवर, जिच्या हातचं आजवर कुणी पाणी प्यालं नव्हतं.

रविवारी अंद्रियाबुवा आला. नेहमीप्रमाणं पिशवीत दोन ताटल्या, दोन प्याले घेऊन आला. मेजावर पाहतो तर एकच भाकर, अर्धं मेज व्यापून बसलेली. त्यानं एक ताटली बाहेर काढली, दुसरी पिशवीतच राहू दिली. प्याल्याचंही तसंच केलं. मग लोकांकडं तोंड करून म्हणाला की बारा वर्षांपूर्वी मी हे करायला हवं होतं, मी भ्यालो, देवानं मला क्षमा करावी. पाळकानं असं सगळ्यांदेखत कबूल केलेलं मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत ऐकलं नाही.

मास्तराला बाजेवर आणलं होतं, दाराशीच, त्याच्या जागी. श्वास अर्धा राहिला होता. रिबकामाय बाजेला टेकून बसली होती.

भाकर मोडली. ताटली फिरली. सगळ्यांनी तुकडा घेतला. इथपर्यंत ठीक झालं, कारण तुकडा वेगळा निघतो. पण मग प्याला आला. एका प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, म्हणजे आधीच्याचं उष्टं प्यायचं. पिठाच्या वेळी जे धैर्य आलं होतं ते इथं सरलं. पहिला घोट घ्यायला सगळे तयार, दुसरा कुणालाच नको. अंद्रियाबुवा प्याला धरून उभा. कुणी मान वर करीना. मागं मास्तराचा श्वास घरघरत होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता.

तेव्हा रिबकामाय उभी राहिली. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत.

"पहिला घोट कुणीही घ्या," ती म्हणाली. "शेवटचा आम्हा दोघांना ठेवा. तुम्हा सगळ्यांचं उष्टं आम्ही पितो. आम्हाला चालतं. प्रभूलाही चाललं होतं."

मग उजव्या अंगाचा बर्नबा कारभारी उठला. लोकांना वाटलं आता हा निघून जाणार. तो चालत डाव्या अंगाला गेला आणि दगडाबाईला म्हणाला, आधी तू पी. दगडाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. नंतर पिशील? विचारलं. पिईन, तो म्हणाला. ती प्याली. तिनं प्याला पदरानं पुसायला घेतला तर त्यानं तसाच हातातून घेतला आणि तिच्या ओठांच्या जागी ओठ लावून प्याला. एवढा मोठा पैलवान, पण असं म्हणतात की त्याच्या आयुष्यात त्याला तेवढं जड काही उचलावं लागलं नव्हतं.

मग प्याला फिरला. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, मधली वाट राहिलीच नाही. एकेचाळीस घरांची माणसं, आणि प्याला एवढासा. असं म्हणतात, दाराशी पोचला तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता.

रिबकामायनं भाकरीचे दोन तुकडे जपून ठेवले होते. एक मास्तराच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या. मग प्याला त्याच्या ओठांना लावला. तो थोडंसं प्याला, थांबला आणि तिला म्हणाला, "बारा वर्षं मी उपाशी नव्हतो. वाट बघत होतो." सगळ्यांच्या मागून, सगळ्यांचं उष्टं, शेवटचं ती प्याली. तळ दिसेपर्यंत प्याली.

मास्तर मंगळवारी गेला. रविवारपासून त्याला एकदाही खोकला आला नव्हता, असं म्हणतात. खांदा कुणी कुणी दिला हे विचारू नका, नाला ओलांडताना प्रत्येक पावलाला खांदा बदलत होता. रिबकामाय त्या दिवशी पहिल्यांदा रडली. खूप रडली. ती काही दगडाची नव्हती.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. दर प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी जातं नाल्यात मांडायची. आणि एका शनिवारी, लोक आपापली मूठ घेऊन आले तेव्हा जातं फिरत होतं, पीठ पडत होतं, आणि खुंट्यावर हात कुणाचाच नव्हता. असं म्हणतात. नाल्याच्या वरच्या अंगाला तिची कबर आहे, मी तिथं फुलं वाहिली आहेत, तेव्हा ती तुमच्याआमच्यासारखीच मेली हे मलाही कळतं. पण कळतं म्हणून सांगायचं थांबायचं नसतं.

आता खैरदऱ्यात काय चालतं ते तुम्ही पाहताच. आता नळ आला, पिठाची गिरणी आली, एका हाकेवर बेकरीचा पाव येतो. पण प्रभुभोजनाची भाकर याच जात्यावर दळलेली, घरटी एक मूठ, जास्त नाही. तो रिवाज मोडायची गोष्ट एकदा निघाली होती, दोन मिनिटं टिकली. दळायला पहिला बसतो तो गावातला सगळ्यात मिजासखोर पुरुष, आणि तो कोण हे बायका ठरवतात. यंदा कुणाचा नंबर आहे ते मी सांगत नाही, त्याला ठाऊक आहे, तो मागं उभा राहून मोबाइल बघतोय. प्याला एकच. डॉक्टरीण झालेली नात म्हणते आजी, कापडानं पुसा तरी, तर पुसतो. शेवटचा घोट नेहमी मोठ्या माणसाला. एकदा बिशपसाहेब आले होते, त्यांनाही सांगितलं, थांबा, सगळ्यांचं होऊ द्या. चांगला माणूस, थांबला.

आणि पहिला तुकडा नव्या माणसाला. नवी सून असो, वाट चुकलेला असो, ऊसतोडीची बाई असो, त्या दिवशी देवळात जो परका असेल त्याच्या हातात आधी भाकर जाते. त्याला काय वाटेल ते विचारा, भूक लागली का विचारा, पाय दुखतात का विचारा. फक्त, तू कुणाची, हे विचारायचं नाही.

मी इथं आले तेव्हा सोळा वर्षांची होते. याच देवळात, सगळ्यांच्या आधी, माझ्या हातावर तुकडा ठेवला गेला. या गावानं साठ वर्षांत मला तो प्रश्न विचारला नाही. विचारला असता तरी मला उत्तर देता आलं नसतं.